शिक्षा सरते केव्हा?

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या मोठ्या कारागृहांपाशी विक्रीची दालने थाटली जातात. सतरंज्या, पाट, खुर्च्या, पणत्या, आकाशकंदील असा माल तिथे मांडलेला असतो, आणि तो सारा आत शिक्षा भोगणाऱ्या माणसांच्या हातचा असतो. जेलच्या सतरंजीची ख्याती तर आपल्याकडे जुनीच आहे. 'जेलची आहे, दहा वर्षे हलायची नाही,' असे कौतुकाने सांगणारे यजमान आमच्या अचलपुरात मी पाहिले आहेत. ती सतरंजी आपण घरात आणतो, तिच्यावर पाहुण्यांना बसवतो, तिच्यावरच सत्यनारायणाची पूजा मांडतो. पण ती विणणारा माणूस सुटून आपल्या दारी आला, तर दाराची साखळी न काढताच आपण त्याच्याशी बोलतो.

या लेखात मला त्या माणसाविषयी लिहायचे आहे. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला, ज्याला शिक्षा झाली, त्याचे कायद्याने काय जाते आणि त्याच्यापाशी काय उरते? दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरांत दिवाळीला एक पाट रिकामा राहतो, ती घरे आपल्याच गावात असतात.

कायदा हा माझा प्रांत नव्हे. मी मराठी शिकवतो. मात्र शब्दांच्या मागे जाण्याची खोड मला आहे, आणि या विषयात मी शिरलो तो शब्दांचे बोट धरूनच. आपण सरसकट 'कैदी' म्हणतो. सरकारी मराठी तसे म्हणत नाही. ज्याचा खटला अजून चालू आहे तो 'न्यायाधीन बंदी' आणि ज्याचा दोष सिद्ध झाला तो 'सिद्धदोष बंदी'. २०२२ सालच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांतील दर चार माणसांत सुमारे तीन न्यायाधीन होती. म्हणजे तुरुंग म्हटला की जो शाबीत गुन्हेगार आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो तिथे अल्पसंख्याकच आहे. आणि ज्या खात्याच्या ताब्यात तो असतो, त्या खात्याचे नाव आज 'कारागृह व सुधारसेवा' असे आहे. नाव बदलले म्हणजे भिंत बदलते असे नाही. पण त्या नावातून सरकारने एक वचन दिले आहे, एवढे तरी मानायला हवे.

तुरुंगाशी मराठी वाङ्मयाचे नाते फार जवळचे. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि तिथेच कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आपल्या कपाटातली ही पुस्तके मुळात कैद्यांनी लिहिलेली आहेत, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो तेव्हा मुले चमकतात.

टिळकांच्या त्या हस्तलिखिताची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. १९१४ साली त्यांची सुटका झाली, तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या काही काळाने परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. वह्या परत येणे ही सरकारची मर्जी होती. न येत्या, तर त्या मागायला टिळकांच्या हाती कायद्याचा कोणता आधार होता?

तो आधार अर्धशतकाने मिळाला, आणि योगायोग असा की तोही एका मराठी पुस्तकाच्या निमित्ताने. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. त्यांच्यावर खटला नव्हता, शिक्षा नव्हती. तिथे सरकारच्या परवानगीने त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' या नावाचे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. छापण्यासाठी ते आपल्या पत्नीकडे पाठवावे, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. सरकारचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला ज्या सवलती नियमांत लिहिल्या आहेत तेवढ्याच मिळतील, आणि पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्यांत नाही. १९६५ साली न्यायालयाने हा युक्तिवाद उलटा फिरवला. नियमांत लिहिलेली असतात ती बंधने. जे बंधन लिहिलेले नाही, ते तुरुंगाधिकाऱ्याला आपल्या मनाने घालता येणार नाही. पुस्तक बाहेर गेले पाहिजे.

टिळकांच्या वह्या मेहेरबानीने सुटल्या. संझगिरींचे बाड हक्काने सुटले. या साऱ्या विषयाचे मर्म मला इथे सापडते.

संझगिरी सिद्धदोष नव्हते, हे खरे. पण पुढच्या काही वर्षांत हीच वाट शिक्षा झालेल्या कैद्यांपर्यंत जाऊन पोचली. १९७४ साली आंध्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोष सिद्ध झाला एवढ्याने माणसाचे सारे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. बंदिवासामुळे जे हक्क वापरताच येत नाहीत, तेवढे बाजूला राहतात. जगण्याचा, कायद्याप्रमाणे वागवले जाण्याचा हक्क त्याच्यापाशीच राहतो. १९७८ साली महाराष्ट्रातलाच एक खटला आला. त्यातला आरोपी आमच्याच पेशातला, एका विद्यापीठात शिकवणारा. दुसऱ्या विद्यापीठाच्या पदव्या बनावट करण्याच्या खटपटीत तो सापडला आणि त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. सर्वोच्च न्यायालयात यायला त्याला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. निकालाची प्रतच आपल्याला मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा अर्ज न्यायालयाने फेटाळला, शिक्षा एका दिवसानेही कमी केली नाही. पण त्याच निकालपत्रात सांगून टाकले की, शिक्षा झालेल्या प्रत्येकाला निकालाची प्रत वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची त्याची सही घेतली पाहिजे, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला अपिलासाठी सरकारने वकील दिला पाहिजे.

त्याच सुमाराला दिल्लीच्या तिहार तुरुंगातून फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. तक्रार स्वतःची नव्हती. पैशासाठी वॉर्डरने दुसऱ्या एका कैद्याचा अमानुष छळ केला, त्याची होती. न्यायालयाने ते साधे पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. कैद्याला कोठडी देण्याचा अधिकार न्यायालयाचा. कोठडीत मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. मग १९९८ साली मजुरीचा प्रश्न निघाला. सक्तमजुरी म्हणजे काम करायला लावणे. ते फुकट करून घेणे नव्हे, कामाचा न्याय्य मोबदला दिलाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्या सतरंजीच्या किमतीतले काही पैसे विणणाऱ्याच्या नावे जमा होतात, ते याच न्यायाने.

मग शिक्षेने जाते तरी काय? स्वातंत्र्य जाते, हे उघड. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली तर सुटल्यावरही सहा वर्षे निवडणुकीला उभे राहता येत नाही. कायद्याने अशी मोजून काही गोष्टी काढून घेतल्या आहेत. बाकीचे त्याचेच राहते.

शिक्षेच्या मुदतीविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो. कायद्यात तसे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे भरल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. चौदा वर्षांनी विचार सुरू होतो. दार आपोआप उघडत नाही.

मधल्या काळात कैद्याला घरी येण्याच्या दोन वाटा आहेत. फर्लो आणि पॅरोल हे शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचतो, आणि बड्या धेंडांच्या संदर्भात वाचत असल्यामुळे नाक मुरडतो. त्यांना मराठीत फार सुरेख नावे आहेत: संचित रजा आणि अभिवचन रजा. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांपासून त्यांची घडी बसली. संचित म्हणजे साठवलेले. चांगल्या वागणुकीने साठवलेली ही रजा. हिचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन म्हणजे शब्द. घरात आजारपण, मृत्यू, लग्न अशी निकड असेल तर परत येण्याचा शब्द देऊन मिळते ती ही रजा; तिचे दिवस पुढे भरून द्यावे लागतात. धोका दिसला तर अधिकारी रजा नाकारू शकतात, आणि ते योग्यच. पण नाकारायला कारण लागते. 'देत नाही, जा' एवढे पुरत नाही.

या रजांचे मोल काय, ते मला एका विद्यार्थिनीने शिकवले. मेळघाटच्या पायथ्याकडच्या एका खेड्यातली मुलगी. महाविद्यालयाचा अर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्याशी तिची लेखणी अडली. इतर मुली गेल्यावर ती माझ्याकडे आली.

"सर, इथं काय लिहू?"

"वडील काय करतात?"

"अमरावतीले असतात. जेलात."

धुऱ्यावरून भांडण झाले होते. वऱ्हाडात किती भांडणे त्या वीतभर धुऱ्यावरून पेटतात हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कुऱ्हाड उगारली गेली, शेजारच्या वावरातला माणूस गेला, आणि हिच्या बापाला जन्मठेप झाली.

"वावर आहे अजून?" मी विचारले.

"हाये सर. आई वाहते."

"मग 'शेतकरी' लिही."

तिने लिहिले. पुढे कधीमधी ती बोलत असे. भेटीला गेले की मध्ये जाळी असते. पलीकडून बाप बोलतो, अलीकडून आपण. बापाच्या हाताचा स्पर्श कसा असतो, हे लहान भावाला ठाऊकच नव्हते. राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्यात मुलांना जाळीशिवाय बापाजवळ बसता येते. एरवी ही गोष्ट संचित रजेतच घडते. पहिल्यांदा बाप रजेवर आला तेव्हाची हकीकत तिने दोन वाक्यांत सांगितली. "सारे दिवस बाबा घरातच बसले, सर. धुऱ्याकडे गेलेच नाहीत." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांच्या घरी दिवाळी नसते. आमच्या घरीही नसते."

'त्यांच्या' म्हणजे ज्यांचा माणूस गेला त्यांच्या. गुन्हेगाराच्या हक्कांविषयी कोणी बोलू लागला की आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, ताडकन विचारतात, "आणि ज्या माउलीचा कर्ता मुलगा गेला, तिचे हक्क कोणी सांगायचे?" प्रश्न रास्त आहे. आपल्या कायद्याने त्या माउलीला फार काळ केवळ साक्षीदार मानले. २००८ सालच्या दुरुस्तीने प्रत्येक राज्याला बळींच्या भरपाईची योजना करणे भाग पाडले. अत्याचारग्रस्त महिला व बालकांसाठी महाराष्ट्राने २०१३ साली मनोधैर्य योजना आणली. हे अपुरेच आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कैद्याला मजुरी द्या, असे सांगणाऱ्या १९९८ च्या त्याच निकालाने सुचवले की, त्या मजुरीतला काही भाग बळींच्या कुटुंबांसाठी बाजूला काढावा. म्हणजे कैद्याला माणसासारखे वागवले, त्याला काम आणि दाम दिला, तरच त्याच्याकडून भरपाईची आशा. त्याला उपाशी ठेवून, मारून त्या माउलीच्या पदरात काय पडणार?

'रकाना' म्हटल्यावर आणखी एका निकालाची आठवण होते. अनेक राज्यांच्या जुन्या तुरुंग नियमावल्यांत जातीप्रमाणे कामे वाटली जात: स्वयंपाक अमक्याने करावा, सफाई तमक्याने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सारे घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच खोडून टाकायला सांगितले. स्वातंत्र्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षे तो रकाना तिथे सुखाने नांदत होता.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, हे सारे न्यायालयाच्या कागदावरचे. माणसावर विश्वास टाकून पाहिला आहे का कोणी? पाहिला आहे, आणि तोही मराठी मुलुखात. १९३९ साली औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचा त्यामागे मोठा वाटा होता. भिंत नसलेली, शेती करणाऱ्या कैद्यांची ही वसाहत. कैद्याला इथे बायकामुलांसह राहता येते. आटपाडीच्याच परिसरातले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. आपल्या वडीलधाऱ्यांनी तो पाहून डोळे पुसले असतील. पण तो नुसता सिनेमा नव्हता, हे त्यांतल्या किती जणांना माहीत होते?

आणि दूर सांगलीकडे जायचे कारण नाही. अचलपुराहून चांदूर बाजार ओलांडून पुढे गेले की रिद्धपूर जवळच लागते, जिथे आपले 'लीळाचरित्र' सिद्ध झाले आणि आता मराठी भाषेचे विद्यापीठ आहे. तिथून पुढे संत्र्यांच्या बागांचे मोर्शी. तिथे खुले कारागृह आहे. चांगल्या वागणुकीचे सिद्धदोष बंदी तिथे शेतीची कामे करतात. पळून जाता येईल अशा जागी ते राहतात आणि सकाळच्या हजेरीला उभे असतात. अभिवचन शब्दाचा अर्थ मला शब्दकोशापेक्षा तिथे अधिक कळला.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मला पुस्तकांसाठी एक मांडणी करून घ्यायची होती. परतवाड्याला सागवानाची मोठी बाजारपेठ. लाकूड घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने एका सुताराचे नाव सांगितले आणि लगेच आवाज खाली आणला. "मानूस कामाचा हाये सर. पन आतमंधी जाऊन आलेला हाये. घरी बायापोरं हायेत तुमच्या. इचार करा." सुतारकाम तो तुरुंगातच शिकला होता. मी घरी येऊन सौ.ला विचारले. ती म्हणाली, "काम कसे करतो ते तुम्ही विचारा. बाकीचे कोर्टाने विचारून झाले आहे."

चार दिवस तो आला. ओसरीवरच काम करी. पाणी प्यायलाही न बोलावता आत येत नसे. फळ्या अशा बसवल्या की सांधा शोधावा लागतो. शेवटच्या दिवशी मजुरी मोजून घेतल्यावर म्हणाला, "सर, एक चिठ्ठी लिहून देता काय? काम बरोबर केलं म्हनून." मी चिठ्ठी लिहीत असताना तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "जज्जसायबानं आकडा सांगतला होता. थो भरला. गावाचा आकडा मात्र कोनी सांगत नाही."

या वाक्याला कोणत्याही निकालपत्रात उत्तर नाही. तुरुंगाधिकाऱ्याने जास्त काही हिरावून घेतले तर न्यायालयात दाद मागता येते. घरमालकाने खोली नाकारली, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीतली एक ओळ वाचून मालकाने कामावरून काढले, शाळेत मुलाला 'खुन्याचा पोरगा' म्हणून हिणवले, तर दाद कोणाकडे मागायची? अमरावतीची 'वऱ्हाड' ही संस्था, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प, अशी काही मंडळी कैद्यांसाठी आणि सुटून आलेल्यांसाठी झटत आहेत. पण खोली त्यांच्याजवळ नसते, ती आपल्याजवळ असते. नोकरी आपल्या दुकानात, आपल्या कचेरीत असते. वर्गातला बाक आपल्या मुलाशेजारी असतो.

सावध राहू नका, असे मी म्हणणार नाही. किल्ली कोणाला द्यायची हे प्रत्येकाने पाहूनच ठरवावे. ते तर आपण शिक्षा न झालेल्या माणसाच्या बाबतीतही पाहतो. मागणे एवढेच की, पाहावे ते माणसाचे आजचे वागणे आणि काम. आणि बापाच्या गुन्ह्याचा हिशेब मुलांकडे मागू नये. त्यांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिलेली नाही.

न्यायाधीश शिक्षा सांगताना वर्षे सांगतो, महिने सांगतो, दंडाची रक्कमही सांगतो. कोठडीत काढलेले आधीचे दिवससुद्धा त्यातून वजा करतो. इतका काटेकोर हिशेब करून राज्य ज्या माणसाला मोकळे करते, त्याच्यावर आपण बेमुदत शिक्षा चालू ठेवायची, हा अधिकार आपल्याला कोणी दिला? यंदा कारागृहाच्या दालनातून सतरंजी जरूर घ्या. ती विणणारा उद्या तुमच्या गावात काम मागायला आला, तर तेही त्याच्या हातांकडे पाहून ठरवा.